बरा झालेला रोगी आणि न उठणारा अंगठा

कुष्ठरोगाच्या सरकारी कामकाजात एक शब्दप्रयोग रोज कानावर पडतो: ‘आरएफटी झाला.’ म्हणजे ‘रिलीज्ड फ्रॉम ट्रीटमेंट’. रुग्णाने एमडीटीची सहा किंवा बारा महिन्यांची पाकिटं संपवली की रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे ही तीन अक्षरं पडतात आणि तो रुग्ण उरत नाही. विकृतीसाठी एक रकाना असतो, त्यात शून्य, एक किंवा दोन असा आकडा लिहितात. मिटत नसलेला डोळा, पायाची जखम, वाकडी झालेली बोटं, हे सगळं त्या ‘दोन’मध्ये बसवलेलं असतं. पण या माणसाला शर्टाचं बटण लावता येतं का, चिमूटभर मीठ उचलता येतं का, सुट्टे पैसे मोजता येतात का, हे विचारणारा रकाना नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली २२ वर्षं विदर्भात हातांवर काम करते, आणि त्यातले बरेचसे हात कुष्ठरोगाने लुळे केलेले. इतक्या वर्षांनंतर माझं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं. ज्याचा अंगठा बोटांसमोर येत नाही, त्याला बरा झाला म्हणणं ही लबाडी आहे. आणि तो अंगठा पुन्हा उठवण्याची शस्त्रक्रिया आपल्या देशात पंचाहत्तर वर्षांपासून माहीत असल्यामुळे ती अक्षम्य लबाडी आहे.

आधी अंगठ्याबद्दल. वाचता वाचता हात टेबलावर उताणा ठेवा आणि अंगठा सरळ छताकडे उचला. आता तो वळवून करंगळीच्या टोकाला लावा. ही हालचाल तळहाताच्या बाजूला, अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या फुगीर उंचवट्यातले छोटे स्नायू करतात. त्यांना हुकूम पोचवणारी मुख्य नस मनगटाच्या मधोमध त्वचेपासून फार खोल नसते. तिचं नाव मीडियन नर्व्ह. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीरातल्या थंड जागा आवडतात, आणि त्वचेजवळून जाणाऱ्या नसा तुलनेने थंड असतात. त्यामुळे बहुधा आधी कोपरापाशी अल्नर नर्व्ह जाते आणि बोटं पंजासारखी आखडतात. काही जणांची मनगटाजवळची मीडियनही जाते. मग अंगठा तळव्याच्या कडेला, बाकीच्या बोटांच्या ओळीत पडून राहतो. अंगठा जागेवर असतो, पण तो नुसतं पाचवं बोट झालेला असतो.

मराठीत हाताच्या मापांचे किती शब्द आहेत! चिमूट, मूठ, पसा, ओंजळ, घास. त्यातली चिमूट पूर्णपणे अंगठ्याची आहे आणि घासही त्याच्याशिवाय तोंडापर्यंत नीट जात नाही. कुंकू लावणं, सुईत दोरा ओवणं, नाडीची गाठ मारणं, शेंगा फोडणं, पेन धरणं, कुलपात किल्ली फिरवणं, यांतलं प्रत्येक काम अंगठा बोटांसमोर येतो म्हणून होतं. आमच्या भागात त्यात कापसाची वेचणी धरा. बोंडातून कापूस ओढून काढायला अंगठा आणि दोन बोटं लागतात. ज्या बाईचं पोट वेचणीच्या मजुरीवर आहे, तिचा अंगठा गेला म्हणजे हंगाम गेला.

आता उपाय. नस मनगटापाशी मेलेली असली तरी कोपराखालचे मोठे स्नायू जिवंत असतात, कारण त्यांच्या फांद्या वरूनच निघून गेलेल्या असतात. शिवाय निसर्गाने थोडी उधळपट्टी केलेली आहे. प्रत्येक बोट वाकवायला दोन-दोन स्नायू दिलेत, एक वरचा आणि एक खोल. खोलचा शाबूत असेल तर वरच्याशिवायही बोट वाकतं. तेव्हा सर्जन अनामिकेच्या वरच्या स्नायूचा टेंडन बोटाच्या बुडाशी सोडवतो. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, शाळेच्या पुस्तकातली कंडरा. ही दोरी मनगटापर्यंत मागे ओढून घेतात, मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला, वाटाण्याएवढ्या हाडाजवळ एका वळणावरून फिरवतात आणि तळव्याच्या कातडीखालून तिरकी नेऊन अंगठ्याला शिवतात. कप्पी तिथे का, तर दोरीने अंगठा ज्या दिशेने ओढायचा ती दिशा नेमकी तीच आहे. विहिरीवर रहाट पाहिलेल्या माणसाला हे तत्त्व समजावून सांगावं लागत नाही. अनामिकेचा टेंडन उपलब्ध नसेल तर दुसरे पर्याय आहेत. तर्जनी सरळ करायलाही दोन स्नायू असतात, त्यातला एक वापरता येतो.

यात रोपण नाही, परदेशातून मागवायचा धातू नाही, रोबो नाही. माणसाचीच दोरी माणसाच्याच हातात एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते. भूल बहुतेकदा फक्त हाताला दिली जाते.

ही विद्या मुळात पोलिओच्या आणि युद्धातल्या जखमांच्या निमित्ताने पश्चिमेत घडली. स्टर्लिंग बनेल या अमेरिकन सर्जनने १९३८ साली अंगठ्याच्या या हालचालीवर लिहिलेला निबंध हाताच्या शस्त्रक्रियेत आजही पायाभूत मानतात. पण कुष्ठरोग्याच्या हातावर ती पद्धतशीरपणे वापरण्याचं काम भारतात झालं, वेल्लोरला. पॉल ब्रँड हे तरुण ऑर्थोपेडिक सर्जन १९४७मध्ये चिंगलपेटच्या कुष्ठधामात रॉबर्ट कॉक्रेन यांना भेटायला गेले. तिथे एका रोग्याच्या पंजासारख्या हातात हात दिल्यावर त्यांना जाणवलं की त्या हाताच्या पकडीत विलक्षण जोर आहे. म्हणजे सगळे स्नायू मेलेले नाहीत. बाकी कहाणी त्या एका निरीक्षणातून आली. तोवर वैद्यकशास्त्रात असा समज होता की कुष्ठरोग्याचं मांस आपोआप झडतं आणि त्यावर घातलेले टाके धरणार नाहीत. वेल्लोरने दोन्ही समज खोटे पाडले. बोटं झडतात ती वेदना कळत नसल्यामुळे झालेल्या जखमांनी आणि त्यांत शिरणाऱ्या संसर्गाने. टाके इतरांसारखेच धरतात. वेल्लोरच्याच डॉ. मेरी व्हर्गीस १९५४च्या अपघातात कमरेखाली लुळ्या झाल्या आणि त्यानंतर व्हीलचेअरवर बसून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या.

महाराष्ट्रालाही ही विद्या लांबची नव्हती. डॉ. नोशीर अंटिया यांनी इंग्लंडमध्ये हॅरल्ड गिलीज यांच्यासारख्या प्लास्टिक सर्जनच्या हाताखाली शिकून पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात काम केलं आणि पुढे मुंबईत जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. प्लास्टिक सर्जरी म्हणजे श्रीमंतांची नाकं, असं समजणाऱ्या शहरात त्यांनी कुष्ठरोग्याचा चेहरा आणि हात हा आपल्या शास्त्राचा विषय मानला. पुढची अनेक वर्षं ते डॉक्टरी पेशाच्या धंदेवाईकपणावर तुटून पडत राहिले, म्हणून त्यांचं ते रूप लोकांना जास्त आठवतं. मला त्यांच्या आयुष्याचे हे दोन भाग वेगळे वाटत नाहीत.

ज्ञान होतं, माणसं होती, दवाखाने होते. मग झालं काय?

झालं असं की आपण जिंकलो. डिसेंबर २००५मध्ये देशात दर १०,००० लोकांमागे कुष्ठरुग्णांचं प्रमाण एकाच्या खाली आलं आणि ‘राष्ट्रीय पातळीवर दूरीकरण’ जाहीर झालं. एमडीटीने लाखो लोकांना वाचवलं आहे, ते श्रेय कुणी नाकारू नये. पण ‘प्रमाण’ कसं मोजतात तेही समजून घ्या. त्या दिवशी ज्यांचं औषध चालू आहे तेवढेच रुग्ण मोजले जातात. जास्त जंतू असलेल्या रुग्णांचं औषध पूर्वी २४ महिने चालायचं, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते १२ महिन्यांवर आलं. वैद्यकीय दृष्टीने ते योग्यच होतं. पण त्याचा हिशेबावर परिणाम असा की तेवढेच लोक आजारी पडत असले तरी रजिस्टरमधली त्यांची गर्दी निम्मी होते. विजय जाहीर झाल्यावर व्हायचं तेच झालं. स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विरघळली, अनुभवी कर्मचारी निवृत्त झाले, तरुण डॉक्टरांना हा आजार इतिहासातला वाटू लागला. इकडे आजही भारतात वर्षाला सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात, जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक.

गंमत म्हणजे आपल्याच कायद्याला खरं माहीत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या दिव्यांगत्वाच्या यादीत ‘कुष्ठरोगमुक्त व्यक्ती’ हा एक प्रकार आहे. म्हणजे रोगातून बरी झालेली, पण हातापायांची संवेदना गेलेली किंवा विकृती राहिलेली व्यक्ती. कायदा म्हणतो की बरा होऊनही हा माणूस बरा नाही. आरोग्य खात्याचं रजिस्टर म्हणतं, आमच्यापुरता बरा. ही दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत आणि मधे अंगठा लोंबकळत राहतो. रेशनच्या दुकानात मशीनवर ठसा द्यायला मात्र सरकारला तोच अंगठा हवा असतो.

या सगळ्यावर मला सभांमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: ‘शस्त्रक्रियेची सोय आहे हो, रुग्णच येत नाहीत.’ हे उत्तर देणाऱ्यांनी एकदा रुग्णाच्या बाजूने दिवस मोजावेत. शस्त्रक्रियेआधी सांधे मोकळे करावे लागतात. आखडलेल्या सांध्यावर टेंडन जोडून उपयोग नसतो. त्याला दोन-तीन आठवडे तेल, मेणाचा शेक, व्यायाम. मग शस्त्रक्रिया. मग तीन-चार आठवडे प्लास्टर. मग चार ते सहा आठवडे नव्या हालचालीचं शिक्षण. अडीच महिने धरा. बोटांच्या पंजाची शस्त्रक्रिया वेगळी करावी लागली तर आणखी. यासाठी सरकार मदत देतं, पूर्वी ८,००० रुपये होती, ती १२,००० झाली. भागिले ७५ दिवस. दिवसाला १६० रुपये. रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३०० रुपयांच्या आसपास आहे. म्हणजे सरकार स्वतःच एक दिवसाच्या श्रमाची जी किंमत लावतं, तिच्या जेमतेम निम्म्यात या माणसाने घर चालवायचं, सोबतच्या नातेवाइकाचीही मजुरी बुडवायची आणि जिल्ह्याच्या गावी राहायचं. येत नाहीत म्हणे! मी त्यांच्या जागी असते तर मीही आले नसते.

दुसरं उत्तर म्हणजे शिबिर. एखाद्या संस्थेतर्फे मोठ्या शहरातले सर्जन येतात, दोन दिवसांत पंधरा-वीस हात करतात, शाली-श्रीफळं होतात, फोटो निघतात. मी त्या सर्जनना दोष देत नाही. त्यांच्यातले अनेक जण उत्तम काम करतात आणि पैसाही घेत नाहीत. दोष कल्पनेत आहे. ही शस्त्रक्रिया टेबलावर अर्धीच होते. उरलेली अर्धी प्लास्टर निघाल्यावर, त्या हाताच्या मालकाच्या मेंदूत व्हायची असते.

कारण आता अंगठ्याला जोडलेला स्नायू अजूनही स्वतःला अनामिकेचाच समजत असतो. प्लास्टर काढल्यावर आपण म्हणतो, ‘अंगठा उचल,’ तेव्हा काहीच होत नाही. मग सांगावं लागतं, ‘अंगठ्याचा विचारच करू नको. करंगळीशेजारचं बोट वाकव.’ आमच्याकडे आलेल्या वेचणीच्या कामावरच्या एका मावशींनी तसं केलं आणि अंगठा टुणकन वर आला. त्या हाताकडे बघून म्हणाल्या, ‘मॅडम, बोट वाकवाले गेली तं आंगठाच हालते, असं कसं वो?’ दोन दिवस त्या घाबरूनच होत्या. तिसऱ्या आठवड्यात बोटाचा विचार मागे पडला आणि अंगठा अंगठ्यासारखा उठायला लागला. आधी कापसाचे बोळे उचलायचे, मग शेंगदाणे, मग तूर, शेवटी मोहरी. टेंडन आजूबाजूच्या मांसाला चिकटू नये म्हणून हालचाल रोज हवी, पण नवा टाका तुटू नये म्हणून बेताने हवी. हा तोल रोज कुणीतरी शेजारी बसून सांभाळायचा असतो. शिबिर उठून गेल्यावर तिथे कुणी नसतं. सहा महिन्यांनी तो हात पुन्हा आमच्यापुढे येतो तेव्हा टेंडन चिकटलेला असतो, अंगठा हलत नसतो आणि गावात बातमी पसरलेली असते की ‘ऑपरेशन करून काही होत नाही’. एका फसलेल्या हातामुळे त्या गावातले पुढचे दहा हात येत नाहीत.

आणखी एक गोष्ट शिकवावी लागते, आणि तीही शिबिरात होत नाही. या शस्त्रक्रियेने हालचाल येते, स्पर्श परत येत नाही. अंगठा चिमूट घेतो, पण चिमटीत तापलेली पळी आहे की गार, हे त्याला कळत नाही. चहाचा पेला कापडात धरायचा, विडी बोटापर्यंत जळू द्यायची नाही, रोज रात्री दोन्ही हात दिव्याखाली नीट तपासायचे. कातडीचं काम डोळ्यांना शिकवायचं. स्पर्श येत नाही, मग शस्त्रक्रियेचा उपयोग काय, असं विचारणारे डॉक्टर मला भेटले आहेत. त्यांना माझं उत्तर: काचेने मनगट कापलेल्या एखाद्या इंजिनिअरची मीडियन नर्व्ह नीट जुळली नाही, तर पुण्या-मुंबईतला हँड सर्जन त्याला हाच प्रश्न विचारून घरी पाठवतो का? तो त्याचा अंगठा उठवून देतो. तीच शस्त्रक्रिया एकाच्या बाबतीत उपचार आणि दुसऱ्याच्या बाबतीत उपकार कशी होते?

इथे माझं भांडण सरकारपुरतं राहत नाही, ते तुमच्या-माझ्यासारख्या मराठी वाचकांशीही आहे. कुष्ठरोग म्हटलं की आपल्याला ‘सेवा’ हा एकच शब्द सुचतो. दत्तपूर, तपोवन, आनंदवन ही नावं आपण अभिमानाने घेतो आणि घ्यायलाच हवीत. ज्या काळात घरचेही शिवत नव्हते, त्या काळात त्या माणसांनी जे केलं त्याला तोड नाही. पण त्यांच्याकडून आपण काय घेतलं? सहलीची बस घेतली, शुभेच्छापत्रं आणि सतरंज्या घेतल्या, डोळ्यांत पाणी आणून परत आलो. आनंदवनाचा पाया भिकेला नकार आणि श्रमाचा आग्रह हा होता, एवढं तरी आपण लक्षात घेतलं असतं तर पुढचा प्रश्न आपोआप पडला असता. श्रमाला हात लागतो आणि हाताला अंगठा लागतो. मग प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हा अंगठा उठवण्याची सोय का नाही, असा मोर्चा आपण कधी काढला? सेवेचं कौतुक करणाऱ्याला हक्काची मागणी करावी लागत नाही. संत आहेत ना, ते बघतील.

आणि जे कौतुकही करत नाहीत, ते या रोगाला उपमा म्हणून वापरतात. भ्रष्टाचाराचा महारोग, जातीयवादाचा महारोग. अग्रलेखांत, भाषणांत, कवितांतही. ज्या शब्दाने माणसं घरातून बाहेर काढली गेली तो शब्द आपण अलंकार म्हणून मिरवतो आणि वर स्वतःला संवेदनशील म्हणवतो. २०१९ सालापर्यंत कुष्ठरोग हे कायद्याने घटस्फोटाचं कारण होतं. कायद्याने ते वाक्य खोडलं, आपण आपली वाक्यं कधी खोडणार?

कुणी म्हणेल, शस्त्रक्रियेपेक्षा प्रतिबंधावर जोर द्या. मान्य आहे, अगदी शंभर टक्के. नस सुजून दुखू लागल्यावर किंवा ताकद कमी झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत स्टिरॉइडचा योग्य उपचार मिळाला तर पुष्कळ अंगठे वाचतात. ही सूज औषध संपल्यानंतरही येऊ शकते, म्हणजे नेमकी ‘आरएफटी’ झाल्यावर, जेव्हा कुणी बघत नसतं तेव्हा. तपासणीला यंत्र लागत नाही. हात उताणा ठेवायला सांगायचा, अंगठा छताकडे उचलायला सांगायचा आणि आपल्या बोटाने तो खाली दाबून बघायचा. टिकला तर ताकद चांगली, दाबला गेला तर कमी, उठलाच नाही तर लुळा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, कोणतीही आशाताई ते करू शकते. पण हे अर्धं मिनिट कुणाच्या कामाच्या यादीत पक्कं बसवलेलं नाही, कारण यादी जंतूभोवती आखलेली आहे.

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. औषध संपल्यावर, आणि पुढची काही वर्षं ठरावीक काळाने, प्रत्येक रुग्णाच्या अंगठ्याची ही तपासणी व्हावी आणि तिचा निकाल रजिस्टरमध्ये लिहिला जावा. ज्यांना शस्त्रक्रियेचा उपयोग होईल अशांची जिल्हावार यादी सार्वजनिक असावी, नावांशिवाय, फक्त आकडे: किती जण थांबलेत, किती दिवसांपासून. त्यांचा हात सर्वसाधारण रुग्णालयातच, इतरांच्या शेजारच्या खाटेवर व्हावा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हाताचं काम जाणणारा एक थेरपिस्ट कायमचा असावा, शिबिरापुरता नको. आणि बुडणाऱ्या प्रत्येक दिवसाची मजुरी, रुग्णाची आणि सोबत्याची, किमान रोजगार हमीच्या दराने, शस्त्रक्रियेच्या आधी हातात पडावी.

यातल्या एकाही मागणीसाठी नवा शोध लागायचा बाकी नाही. या गोष्टी कागदावर येईपर्यंत ‘कुष्ठरोगाचं दूरीकरण झालं’ हे वाक्य मी मान्य करणार नाही. तुमच्या जिल्ह्यात गेल्या वर्षी असे किती अंगठे उठवले गेले, हा प्रश्न तुम्हीही जिल्हा रुग्णालयाला माहितीच्या अधिकारात विचारू शकता. अर्जाची फी दहा रुपये आहे. तो अर्ज भरायला लागणारा अंगठा तुमच्याकडे आहे.